रिक्षा-टॅक्सीचे भाडे चुकते करताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतील प्रवासी एकाच दिवसात भाड्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धतींना सामोरा जातो. सकाळी स्थानकापर्यंत मीटरची रिक्षा, दुपारी ॲपवरून बोलावलेली कॅब आणि शनिवार-रविवारी गावाला जाण्यासाठी ट्रॅव्हल्सची गाडी, असा हा क्रम असतो. या तिन्हींचे हिशेब मुळातच निराळे आहेत. मीटरचे भाडे सरकारी प्राधिकरण ठरवते, ॲपचे भाडे मागणी-पुरवठ्यानुसार पण शासनाने आखलेल्या मर्यादेत बदलते आणि ट्रॅव्हल्सचे भाडे दोन पक्षांतील करारावर अवलंबून असते. बहुतेक वाद चालक लबाड असल्यामुळे होत नाहीत. एका पद्धतीचा नियम दुसऱ्या पद्धतीला लावला जातो, तेथूनच ते सुरू होतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपण कोणत्या पद्धतीच्या वाहनात बसलो आहोत आणि मागितलेली प्रत्येक रक्कम त्या पद्धतीत बसते की नाही, हे तपासण्याची सवय लावून घ्यावी.

मूळ दरच ठाऊक नसणे

मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाने ठरवलेले सध्याचे मीटरचे दर 1 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाले. रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे 23 रुपयांवरून 26 रुपये झाले आणि त्यापुढील दर प्रति किलोमीटर 17.14 रुपये झाला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे 28 वरून 31 रुपयांवर गेले आणि पुढचा किलोमीटर 20.66 रुपयांचा झाला. हे चार आकडे लक्षात असले, तर हिशेब तोंडी करता येतो. ठाणे स्थानकाहून घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या वसाहतीपर्यंत सहा किलोमीटर अंतर भरले असेल, तर रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे 26 रुपये आणि उरलेल्या साडेचार किलोमीटरचे सुमारे 77 रुपये मिळून 103 रुपये होतात. टॅक्सीने दहा किलोमीटर गेल्यास 207 रुपये होतात. वाटेत थांबावे लागले तर त्यात थोडी भर पडते, पण 103 रुपयांच्या जागी दीडशे रुपये होण्याइतकी भर सिग्नलवरच्या नेहमीच्या थांब्याने पडत नाही.

दरवाढ झाली की मीटरमध्ये नवा दर भरून घेण्यासाठी, म्हणजे कॅलिब्रेशनसाठी, चालकांना मुदत दिली जाते आणि तोवर अधिकृत दरपत्रक पाहून भाडे आकारले जाते. या काळात मीटरवर जुना आकडा आणि दरपत्रकावर नवा आकडा दिसणे रास्तच असते. एकदा मीटर नव्या दराचे झाले, की मीटरवर दिसेल तेच अंतिम भाडे असते. नव्या दराच्या मीटरवरचा आकडा पुन्हा दरपत्रकातून ‘वाढवून’ घेणे म्हणजे एकच दरवाढ दोनदा वसूल करणे होय. आपल्या रिक्षाचे मीटर कोणत्या दराचे आहे हे ओळखणे सोपे आहे. प्रवासाच्या सुरुवातीला मीटरवर 26 दिसले तर ते नव्या दराचे आहे आणि 23 दिसले तर जुन्या. टॅक्सीसाठी हेच आकडे अनुक्रमे 31 आणि 28 आहेत. त्यामुळे मीटर टाकताना तिकडे लक्ष असणे महत्त्वाचे आहे. शिवाय आधीच्या प्रवाशाचे भाडे मीटरवर तसेच राहिलेले नाही, हेही त्याच वेळी कळते.

मीटर पळते आहे की रस्ता तुंबला आहे, यात गल्लत करणे

गायमुखच्या घाटात किंवा ऐरोलीच्या पुलाकडे जाताना गाडी जागच्या जागी उभी असते आणि तरीही मीटरचा आकडा वाढतो. हे पाहून अनेक प्रवासी चालकाशी हुज्जत घालतात. इलेक्ट्रॉनिक मीटर अंतराबरोबरच थांबलेला वेळही मोजते आणि त्याचे पैसे भाड्यात धरले जाणे नियमाला धरून आहे. इंधन जळते, चालकाचा वेळ जातो, त्यामुळे यावरून त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. बहुतेक मीटरवर भाड्याबरोबर अंतर आणि थांबण्याचा वेळ वेगळा दाखवण्याची सोय असते. शंका आली तर चालकाला तो आकडा दाखवण्याची विनंती करावी.

मीटरमध्ये खरोखरच फेरफार असेल, तर तो मोकळ्या रस्त्यावर उघडा पडतो. पहिले दीड किलोमीटर संपल्यावर, वाहतूक सुरळीत असताना, मोबाइलवरील नकाशात एक किलोमीटर मोजून घ्यावा आणि तेवढ्या अंतरात मीटर किती वाढले ते पाहावे. रिक्षाचे मीटर सुमारे 17 रुपयांनी आणि टॅक्सीचे सुमारे 21 रुपयांनी वाढायला हवे. कोठेही न थांबता एका किलोमीटरला रिक्षाचे मीटर 23-24 रुपयांनी वाढले, तर संशयाला जागा आहे. आणखी एक किलोमीटर मोजून खात्री करावी. दोन्ही वेळा तेच दिसले तर मीटरचा आणि नकाशाचा फोटो घेऊन तक्रार करावी. चालत्या गाडीत भांडण काढण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी पटींनी उपयोगी पडतो.

रात्रीचा आकार दोनदा देणे

मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरच्या भाड्यावर 25 टक्के जास्त आकार द्यावा लागतो. रात्री साडेदहाला वाशी स्थानकाबाहेर ‘नाइट चार्ज’ मागितला गेला, तर तो नियमात बसत नाही. सहा किलोमीटरचे दिवसाचे 103 रुपये मध्यरात्रीनंतर सुमारे 129 रुपये होतात. मीटरच रात्रीच्या दराने चालू असेल, तर त्यावरच्या आकड्यात हे 25 टक्के आलेलेच असतात आणि ते पुन्हा मिळवायचे नसतात. म्हणून बसताना सुरुवातीचा आकडा पाहावा. रिक्षाच्या मीटरवर 26 दिसले तर तो दिवसाचा दर आहे, त्याहून जास्त दिसले तर रात्रीचा.

सामानाचा आकार डिकीत किंवा टपावर ठेवलेल्या मोठ्या नगांसाठी असतो. हातातल्या पिशवीसाठी किंवा लॅपटॉपच्या बॅगेसाठी तो नाही. ‘तिकडून रिकामे परत यावे लागते’ म्हणून मीटरशिवाय जास्तीची रक्कम मागणे हेही मीटरच्या भाड्यात बसत नाही. परवान्याच्या क्षेत्रातील भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 खाली गुन्हा आहे. शेअर रिक्षाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे मार्गानुसार दर माणशी ठरलेले भाडे असते आणि मीटरचा संबंध येत नाही. पण रिक्षा शेअरची आहे की पूर्ण, हे बसण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे, कारण अर्ध्या वाटेत इतर प्रवासी उतरल्यावर ‘आता पूर्ण भाडे पडेल’ असे ऐकण्याची वेळ येऊ शकते.

बंद झालेला टोल भरणे

या चुकीत ठाणे आणि नवी मुंबईच्या प्रवाशांचे पैसे सर्वाधिक जातात. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर, म्हणजे मुलुंडचे दोन नाके, ऐरोली, वाशी आणि दहिसर येथे, 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही. टॅक्सी, कॅब, भाड्याची मोटार ही सगळी हलकी वाहने आहेत. तरीही ठाण्याहून दादरला किंवा नेरूळहून चेंबूरला जाताना ठोक भाड्यात ‘टोल धरून’ असे सांगितले जाते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रवासीही मान डोलावतात. या मार्गांवर टोलचे नाव निघाले, तर कोणत्या नाक्याचा टोल, हे विचारावे.

काही टोल मात्र खरे आहेत आणि ते द्यायलाच हवेत. शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, तेव्हा मोटारीसाठी एकेरी 250 रुपये आणि परतीसह 375 रुपये असा दर ठेवण्यात आला. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एप्रिल 2024 पासून मोटारीला एकेरी 100 रुपये पडतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा टोल एप्रिल 2023 पासून मोटारीसाठी एका बाजूने 320 रुपये आहे. उलवे किंवा पनवेलहून सकाळी मुंबईला जाऊन त्याच गाडीने परत येणाऱ्या प्रवाशाकडून अटल सेतूचे 250 अधिक 250 असे 500 रुपये घेतले जात असतील, तर फास्टॅगमधून प्रत्यक्षात किती रक्कम वजा झाली, हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. वजावटीचा संदेश चालकाच्या किंवा मालकाच्या मोबाइलवर येतोच.

ॲपच्या कॅबमध्ये टोल बहुधा बिलातच धरला जातो. अशा वेळी नाक्यावर चालकाच्या हातात रोख पैसे ठेवले, तर टोल दोनदा दिला जातो. याउलटही घडते. बिलात अटल सेतूचा टोल असतो आणि गाडी प्रत्यक्षात वाशीच्या पुलावरून गेलेली असते. प्रवास संपल्यावर बिलातील बाबी उघडून पाहिल्या की हे कळते आणि ॲपवरच परतावा मागता येतो.

ॲपवर दिसलेली पहिली रक्कम अंतिम समजणे

ॲपच्या भाड्यात मूळ भाडे, अंतराचे पैसे, वेळेचे पैसे, बुकिंगचा आकार, पाच टक्के जीएसटी, टोल आणि गर्दीच्या वेळची वाढ असे अनेक घटक असतात. बुकिंग करताना दिसलेली रक्कम ठरावीक मार्ग आणि ठरावीक ठिकाण धरून काढलेली असते. वाटेत मुलाला शिकवणीहून घ्यायचे ठरले, उतरण्याचे ठिकाण बदलले किंवा गाडी खाली येऊन बराच वेळ थांबली, तर ती बदलते. यात फसवणूक नाही. मात्र सुरुवातीच्या रकमेच्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवला, तर नंतर कोणत्या घटकात किती वाढ झाली हे ताडून पाहता येते. काही ॲपवर रिक्षाचे भाडे थेट चालकाला द्यायचे असते. तेथे ॲपच्या खात्यात आधीच पैसे भरून नंतर चालकालाही देण्याची चूक सहज होते.

महाराष्ट्र शासनाने मे 2025 मध्ये ॲप-आधारित वाहनांसाठी धोरण जाहीर केले. त्यानुसार मागणी वाढली तरी भाडे मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त नेता येत नाही आणि मागणी कमी असताना सवलतही 25 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. याच धोरणात रद्द करण्याविषयीचा नियमही आहे. चालकाने सबळ कारणाशिवाय फेरी रद्द केली, तर भाड्याच्या 10 टक्के किंवा 100 रुपये यांपैकी कमी असेल तो दंड त्याला लागतो. प्रवाशाने रद्द केली, तर 5 टक्के किंवा 50 रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम त्याला भरावी लागते.

हा नियम ठाऊक असला, की चालकाच्या त्या नेहमीच्या फोनचा अर्थ नीट उलगडतो. ‘ड्रॉप कुठे आहे? कॅश की ऑनलाइन?’ असे विचारून झाल्यावर तो म्हणतो, ‘साहेब, तुम्हीच कॅन्सल करा.’ प्रवासी घाईत असतो आणि रद्द करून मोकळा होतो. सहाशे रुपयांच्या फेरीत चालकावर पडणारे 60 रुपये वाचतात आणि प्रवाशावर 30 रुपये पडतात. अशा वेळी स्वतः रद्द करू नये. कंपनीच्या मदत विभागात ‘चालकाने येण्यास नकार दिला’ असे नोंदवावे. तेवढ्या वेळात दुसरी गाडी हवी असेल आणि रद्द करणे अटळ असेल, तर कारणांच्या यादीतून ‘चालकाने रद्द करण्यास सांगितले’ हेच कारण निवडावे. ‘बेत बदलला’ हे कारण निवडल्यास नंतर परतावा मागण्याचा आधारच उरत नाही.

बाहेरगावच्या गाडीचा फक्त प्रति किलोमीटर दर विचारणे

ट्रॅव्हल्सच्या गाडीत प्रति किलोमीटर दरापेक्षा त्याच्या अटी जास्त महाग पडतात. बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरले जातात आणि दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री असा मोजला जातो. ठाण्याहून महाबळेश्वरला जाणारे एक कुटुंब घेऊ. स्थळदर्शनासह प्रत्यक्ष धाव 560 किलोमीटर, दर 14 रुपये आणि दिवसाला किमान 300 किलोमीटर असे उदाहरणासाठी धरू. शुक्रवारी रात्री दहाला निघून रविवारी रात्री परतल्यास तीन दिवस मोजले जातात, 900 किलोमीटर धरले जातात आणि भाडे 12,600 रुपये होते. हेच कुटुंब शनिवारी पहाटे पाचला निघाले, तर दोनच दिवस होतात, 600 किलोमीटर धरले जातात आणि भाडे 8,400 रुपयांवर येते. निघण्याची वेळ सात तासांनी पुढे नेल्याने 4,200 रुपये आणि चालकाचा एका दिवसाचा भत्ता वाचतो.

दुसरी अट ‘गॅरेज टू गॅरेज’ ही होय. किलोमीटर प्रवाशाच्या दारापासून न मोजता गाडी जेथून निघते तेथून मोजले जातात आणि परत तेथे पोहोचेपर्यंत मोजणी सुरू राहते. गाडी कळंबोलीची आणि प्रवासी कासारवडवलीचा असेल, तर जाण्या-येण्याचे मिळून सत्तर-ऐंशी किलोमीटर गाडीत कोणी बसलेले नसतानाच वाढतात. त्यामुळे जवळच्या मालकाची गाडी प्रति किलोमीटर एक रुपया महाग असली तरी एकूण स्वस्त पडू शकते. आठ तास-ऐंशी किलोमीटरच्या स्थानिक पॅकेजलाही हीच अट लागू असते. तेथे तास किंवा किलोमीटर यांपैकी काहीही ओलांडले की जादा आकार सुरू होतो. चालकाचा भत्ता, रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग आणि राज्याबाहेर जात असल्यास तेथील कर हे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावे. निघताना आणि पोहोचल्यावर गाडीच्या किलोमीटर काट्याचा फोटो चालकासमोरच काढावा. प्रामाणिक चालकाची याला हरकत नसते, किंबहुना त्यालाही मालकाला हिशेब देताना तो फोटो उपयोगी पडतो.

तक्रार चुकीच्या जागी किंवा अपुरी करणे

मीटरच्या रिक्षा-टॅक्सीची तक्रार प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे करावी. वाहनाच्या क्रमांकावरून कार्यालय कळते. एमएच 04 ठाण्याचे, एमएच 05 कल्याणचे, एमएच 43 नवी मुंबईचे आणि एमएच 46 पनवेलचे आहे. खारघर किंवा कामोठ्यात बसलेली रिक्षा बहुधा पनवेलच्या नोंदणीची असते, त्यामुळे ‘नवी मुंबईतील रिक्षा’ म्हणून केलेली तक्रार भलत्याच कार्यालयात जाऊन रेंगाळते. तक्रारीत वाहनाचा पूर्ण क्रमांक, चालकाचा बॅज क्रमांक दिसला असल्यास तो, तारीख, वेळ, बसण्याचे व उतरण्याचे ठिकाण, मीटरवरील रक्कम आणि प्रत्यक्ष घेतलेली रक्कम एवढे लिहावे. ‘चालकाने जास्त पैसे घेतले’ या एका वाक्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. ‘सहा किलोमीटरचे, दुपारी तीन वाजता, मीटरवर 104 रुपये असताना 150 रुपये घेतले’ असे लिहिले, की त्याला चौकशी सुरू करता येते. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद सोबत जोडावी, कारण घेतलेल्या रकमेचा तो सर्वांत भक्कम पुरावा असतो.