नवरा गेल्यावर मोर्च्यात आले, नव्याने येणाऱ्या ताईंसाठी थोडं

2015 च्या सप्टेंबरात माझा नवरा गेला, आत्महत्या. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, कोरडवाहू कपाशी. कर्ज आहे एवढं माहीत होतं, पण किती आणि कोणाचं ते मला तो गेल्यावर कळलं, कारण पैशाचं बोलणं घरात माझ्यासमोर होतच नव्हतं. मागच्या महिन्यात एका ताईचा फोन आला, तिच्या घरी हेच होऊन 2 महिने झालेत, म्हणे मलाही तुमच्यासारखं काम करायचंय, सुरुवात कुठून करू. तिला जे सांगितलं तेच लिहितेय.

आधी कशावरच सही करू नको. आमच्याकडे तेरवीच्याच दिवशी हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, पुढं आलं होतं, जमीन एकत्र राहील, तुझं काही जात नाही म्हणून. मला तेव्हा समोर कोण बसलंय तेही कळत नव्हतं. माझी आई म्हणाली, "आज नाही." तिच्या त्या दोन शब्दांमुळं आज माझ्या नावावर दीड एकर आहे. मग तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दे. नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत बायको, लेकरं आणि सासू यांचा सारखा वाटा असतो. फेरफार, म्हणजे नोंदीतला हा बदल, मंजूर झाला की 7/12 स्वतः वाच, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नको.

सरकारी मदतीचं म्हणशील तर 2006 पासून 1 लाखाची तरतूद आहे, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. आमचा सावकार बिनपरवान्याचा, म्हणून माझं प्रकरण अपात्र. माणूस गेला तो गेलाच आणि कागद म्हणतो हा शेतकरी आत्महत्येत बसत नाही, याचा मला इतका राग आला की रडणंच थांबलं. कार्यालयाच्या ओट्यावर अजून तिघी बसल्या होत्या, बोलता बोलता कळलं की एकीचा सावकार आमचाच. माझं राजकारण तिथून सुरू झालं, पक्षाबिक्षाचं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

नंतर मकाम म्हणजे महिला किसान अधिकार मंचाच्या बैठकांना जायला लागले. नोव्हेंबर 2018 मध्ये आत्महत्याग्रस्त घरातल्या बाया मुंबईला आझाद मैदानावर बसल्या, आणि जून 2019 मध्ये आपल्यासाठी वेगळा शासन निर्णय निघाला. तो छापून जवळ ठेव, टेबलावर ठेवला की समोरच्याचा आवाज बदलतो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. स्टेजवर आपल्याला बोलावतात ते बहुतेकदा रडायला. मी 3 सभांमध्ये नवऱ्याची गोष्ट सांगितली, लोकं रडली, हार घातला, आणि मागण्यांचा कागद माझ्याच पिशवीत परत आला. तेव्हापासून मी आधी मागणी वाचते, नवऱ्याबद्दल मनात आलं तरच बोलते. यवतमाळच्याच वैशाली येडे, त्यांच्याही नवऱ्यानं आत्महत्या केलेली, त्यांनी जानेवारी 2019 ला साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं आणि त्याच वर्षी लोकसभा लढवली. निवडून आल्या नाहीत, पण विधवा बाई उमेदवार म्हणून मत मागते हे आमच्या गावानं पाहिलं. पुढं मी ग्रामपंचायतीला उभी राहिले ती त्या हिमतीवर. 2022 मध्ये कोल्हापूरच्या हेरवाडनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला तेव्हा तसाच ठराव मी आमच्या ग्रामसभेत मांडला, तिसऱ्या वेळेस पास झाला, आणि पहिली विरोध करणारी माझी सासूच होती. आता तीच माझ्यासोबत हळदीकुंकवाला येते.

पोळ्याच्या दिवशी मी कुठंच जात नाही, कोणाचा फोनही घेत नाही. बैल सजवायचा तो. तूही असा तुझा एक दिवस ठेव.

सोमवारी आम्ही चौघी तहसीलला चाललोय, त्या ताईला म्हटलं तूही ये. मृत्यू दाखला, 7/12, आधारची झेरॉक्स आण, आणि डबा आण, संध्याकाळ होते.