युरोपची ‘नंबर वन’ गाणी, १९९७: या चुका टाळा

आमचं डोंबिवलीत एक छोटं श्रोते मंडळ आहे. दर महिन्याला एक वर्ष आणि एक प्रदेश घ्यायचा आणि त्या वर्षी तिथं गाजलेली गाणी ऐकायची, एवढाच उद्योग. यादी दर वेळी नवा माणूस करतो आणि ती तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लाल पेनाच्या सगळ्यात जास्त रेघा ‘युरोप १९९७’ या विषयावर ओढाव्या लागतात. ते वर्ष सगळ्यांचं लाडकं. तेव्हा घरी नुकतं केबल आलेली पोरं आज पंचेचाळिशीत आहेत आणि आपल्याला सगळं लख्ख आठवतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

आठवणीवरून यादी करू नका. ही पहिली चूक, आणि तिच्यावर याहून जास्त बोलण्यात अर्थ नाही.

लंडन म्हणजे युरोप नव्हे

ही माझी लाडकी चूक. कारण ती करणाऱ्याला आपण काही चुकतोय अशी शंकाही येत नाही. आपल्यापर्यंत यायची ती इंग्रजी गाणी. त्यामुळे ब्रिटनची आठवड्याच्या विक्रीवरची यादी उघडायची, वर ‘युरोप’ लिहायचं आणि चहाला जायचं. अशा यादीत स्पाइस गर्ल्स असतात, ओएसिस असतं, बहुतेक वेळा ‘बिटर स्वीट सिम्फनी’सुद्धा पहिल्या क्रमांकावर असतं. ते तिथं कधीच नव्हतं. ‘द व्हर्व्ह’चं हे गाणं जून १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण वर पफ डॅडीचं ‘आय’ल बी मिसिंग यू’ ठाण मांडून बसलं होतं. त्यांचं टॉपला गेलेलं गाणं ‘द ड्रग्ज डोन्ट वर्क’, तेही सप्टेंबरमध्ये आणि जेमतेम आठवडाभर.

आता खाडी ओलांडून पलीकडे बघा. फ्रान्समध्ये १ जानेवारी १९९६ पासून रेडिओवर ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली वाजवायची सक्ती लागू झाली होती. तिथली यादी लंडनसारखी दिसेलच कशी? १९९६ च्या शेवटी तिथं खालेदचं ‘आयशा’ टॉपला होतं. ओरानहून आलेला हा अल्जेरियन गायक आपल्याला ‘दीदी’मुळे माहीत. ते गाणं आपल्याकडे वरातींमध्ये वाजवून वाजवून लोकांनी झिजवलं. पण फ्रान्सच्या यादीत पहिला क्रमांक त्याला ‘आयशा’नं दिला. जर्मनीत १९९७ मध्ये ‘टिक टॅक टो’ या तीन मुलींच्या गटाचं ‘वारुम?’ हे अस्सल जर्मन गाणं टॉपला गेलं. आमच्या एकाही यादीत ते आजवर आलेलं नाही. दर वेळी मीच घुसडतो आणि दर वेळी कुणीतरी विचारतं, “हे कशाला?”

मग युरोपची म्हणून एखादी यादी होती की नाही? होती. ‘युरोचार्ट हॉट १००’. ‘म्युझिक अँड मीडिया’ नावाचं ॲमस्टरडॅमचं साप्ताहिक ती छापायचं. ते साप्ताहिक २००३ मध्ये बंद पडलं, यादी मात्र ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकानं डिसेंबर २०१० पर्यंत चालवली. वेगवेगळ्या देशांच्या विक्रीच्या याद्या एकत्र करून ती बनायची, आणि प्रत्येक देशाला त्याच्या बाजारपेठेएवढं वजन असायचं. उतावळे लोक नेमके इथंच घसरतात. ते देश मोजतात: नॉर्वेत पहिला, डेन्मार्कमध्ये पहिला, फिनलंडमध्ये पहिला, आयर्लंडमध्ये पहिला, झाला युरोपचा राजा! अहो, एकट्या जर्मनीत जेवढ्या सीडी खपायच्या त्यापुढे या चौघांची बेरीज कितीशी? हाउसिंग सोसायटीत फ्लॅटमागे एक मत असतं, तसं इथं नाही. इथं चौरस फुटावर मतं आहेत.

त्या अंकांचं स्कॅन नेटवर सापडतं. मी पीडीएफ उघडून पान डोळ्यांनी बघतो. कुणीतरी उतरवून काढलेल्या तक्त्यावर माझा विश्वास नाही. त्यातही एक खड्डा आहे. त्याच साप्ताहिकात रेडिओवर किती वाजलं याची वेगळी पन्नास गाण्यांची यादी असायची. पानाचा मथळा न वाचता नुसता आकडा उचललात, तर विकलेलं आणि वाजलेलं यांची खिचडी होते. माझ्याकडून झालीय, म्हणून सांगतो.

“बाई कुठं गेली?”

आता माझी स्वतःची फजिती. माझ्याच यादीत जर्मनीपुढे मी लिहिलं होतं: आंद्रेया बोचेल्ली, चौदा आठवडे पहिला क्रमांक. बोचेल्ली म्हणजे इटालियन गायक. आकडा बरोबर होता. निवेदन मीच केलं. चांगलं रंगवून सांगितलं, जर्मन लोक थंड असतात म्हणे, पण या गाण्यापुढे विरघळले वगैरे. मग गाणं लावलं. बोचेल्लीचा आवाज, मागं ऑर्केस्ट्रा, सभागृह शांत. तिसऱ्या रांगेत एक काकू बसल्या होत्या, आयुष्यभर जर्मन शिकवलेल्या. गाणं संपेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “छान आहे. पण बाई कुठं गेली?”

बाई म्हणजे इंग्लिश गायिका सेरा ब्राइटमन. मी लावलं होतं ‘कोन ते पार्तिरो’, बोचेल्लीनं १९९५ च्या सान रेमो महोत्सवात एकट्यानं गायलेलं मूळ गाणं. तिथं ते चौथं आलं होतं. जर्मनीत चौदा आठवडे टॉपला राहिलं ते ‘टाइम टू से गुडबाय’, दोघांचं द्वंद्वगीत. चाल तीच, बोलही बहुतांश इटालियनच, फक्त मोक्याच्या ठिकाणी ती एक इंग्रजी ओळ. हेन्री मास्के या जर्मन मुष्टियोद्ध्याची शेवटची लढत नोव्हेंबर १९९६ मध्ये म्युनिकला झाली, तिच्यासाठी हे रूप बनलं. मास्के लढत हरला, गाणं जिंकलं. काकूंनी ती लढत टीव्हीवर पाहिली होती, कारण त्या वर्षी त्या तिकडेच होत्या. पुढची दहा मिनिटं कार्यक्रम त्यांनीच चालवला आणि माझ्यापेक्षा बरा चालवला.

गंमत अशी, की एकट्याचं रूपही खोटं नाही. फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये टॉपला गेलं ते तेच. म्हणजे एकच चाल, शेजारशेजारचे देश, आणि पहिल्या क्रमांकावर दोन वेगळ्या तबकड्या. गाण्याचं नाव शोधपट्टीत टाकून जे पहिलं वर येईल ते लावणाऱ्याला हे कळायचा काही मार्गच नाही. मला तरी कुठं कळलं होतं!

तेव्हापासून माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. देश, यादीचं नाव, छापलेली तारीख, गायकांची नावं कव्हरवर जशी छापलीत तशी, आणि शेवटच्या रकान्यात ‘कुठलं रूप’. कव्हरचा फोटो पाहिल्याशिवाय शेवटचा रकाना भरत नाही. तरुण मंडळी हसतात, एक्सेल का नाही विचारतात. एक्सेलमध्ये वरचा कोपरा ओढला की खालचे रकाने आपोआप भरतात, म्हणून नाही.

याच जातीची दुसरी मोठी चूक म्हणजे एल्टन जॉनचं ‘कँडल इन द विंड’. ते आहे १९७३ चं. तेव्हाचं सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची सुटी विकली जाणारी तबकडी, ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८८ मध्ये मैफलीतलं रूप पाचव्यावर पोचलं. डायनाच्या मृत्यूनंतर शब्द बदलून गायलेलं १९९७ चं रूप पहिलं आलं. मेरिलिन मन्रोवरचं जुनं रूप लावून “डायनासाठीचं गाणं” म्हणणारे मी तीन वेळा पकडलेत. गाण्याची पहिली ओळ ऐकली तरी पुरे, पण ओळ ऐकायला थांबतो कोण? शिवाय ते दोन गाण्यांचं सिंगल होतं. दुसरं ‘समथिंग अबाउट द वे यू लुक टुनाइट’. यादीत दोन्ही नावं लिहायची. आणि त्याच महिन्यात आलेल्या ‘द बिग पिक्चर’ या अल्बममध्ये हे दुसरं आहे, ‘कँडल’ नाही.

तारखांचा घोळ

हे सिंगल ब्रिटनमध्ये शनिवारी, १३ सप्टेंबर १९९७ ला दुकानात आलं. एका दिवसात ६ लाख ५८ हजार प्रती गेल्या, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर रविवारी जाहीर झालेल्या यादीत ते पहिलं आलं. ‘द व्हर्व्ह’ला खाली ढकललं ते यानंच. आता या यादीची तारीख काय लिहाल? जाहीर झाली १४ ला, पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ओळखली जायची ती येणाऱ्या शनिवारच्या, म्हणजे २० तारखेनं. एका वेबसाइटवर १४, दुसऱ्या पुस्तकात २०, दोन्ही बरोबर. आमच्या एका होतकरू संशोधकानं त्यावरून “पुस्तकात चूक सापडली” असा लेखच लिहून आणला होता. मी तो परत केला. तो आजही माझ्याशी नीट बोलत नाही.

माझी सवय: एका यादीत एकच पद्धत, आणि ती वर एका ओळीत सांगून टाकायची.

वर्षाच्या कडेला आणखी गोंधळ असतो. स्पाइस गर्ल्सचा ‘स्पाइस’ हा अल्बम नोव्हेंबर १९९६ चा, ‘स्पाइसवर्ल्ड’ नोव्हेंबर १९९७ चा. १९९७ च्या याद्यांत दोन्ही भेटतात, म्हणून नाव पूर्ण वाचा. ‘टायटॅनिक’चं संगीत बाजारात आलं १९९७ मध्ये, पण युरोपात त्याचा धुमाकूळ १९९८ चा. ते या यादीत घालू नका, कितीही रडू येत असलं तरी.

उरलेल्या, भराभर

नेदरलँड्सच्या याद्या दोन आहेत. एक १९६५ पासून चालू असलेली रेडिओवाल्यांची टॉप ४०, दुसरी विक्रीवरची शंभरची. नुसतं ‘हॉलंडमध्ये पहिला’ लिहिलेलं मी खोडतो.

बेल्जियमच्याही दोन. डच बोलणाऱ्यांची वेगळी, फ्रेंच बोलणाऱ्यांची वेगळी. एक देश, एक यादी हा आपला हिशेब तिथं चालत नाही.

‘कुठं किती आठवडे टॉपला’ याची देशादेशांत तुलना करू नका. ब्रिटनमध्ये सिंगल पहिल्या आठवड्यात स्वस्तात विकायचे, त्यामुळे गाणी एकदम वर उडायची आणि तशीच पडायची. जर्मनीत एकदा वर बसलं की महिनोन्‌महिने हलायचं नाही.

अमेरिकेची यादी मधे आणू नका. नो डाउट या अमेरिकी गटाचं ‘डोन्ट स्पीक’ फेब्रुवारी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत ते सिंगल म्हणून विकायलाच काढलं नाही, आणि तेव्हाच्या नियमानं ते ‘हॉट १००’ या तिथल्या मुख्य यादीत दिसलंच नाही. “अमेरिकेत फ्लॉप” असं लिहू नका. रेडिओवर तिथं तेच वाजत होतं.

अनेक गायकांचे संग्रह ब्रिटनमध्ये जानेवारी १९८९ पासून वेगळ्या यादीत जातात. बाकी देशांत काय होतं ते त्या त्या देशाचं पान उघडूनच बघायचं.

आणि ‘बार्बी गर्ल’वाला ‘अ‍ॅक्वा’ हा गट अमेरिकन नाही हो! डॅनिश आहे, गाणारी लेने नॉर्वेची. हे गेल्या महिन्यात पुन्हा खोडलं. यादी आणणाऱ्यानं विचारलं, “पण काका, ती इंग्रजीत गाते ना?” मी वही उघडून त्याला जर्मनीचं पान दाखवलं आणि ‘वारुम?’वर बोट ठेवलं. तो म्हणाला, “हे कशाला?”