स्मार्ट घराची सुरुवात गीझरपासून करताय?

नाशिकच्या थंडीत पहाटे गीझर लागतोच, म्हणून पहिला स्मार्ट प्लग (फोनवरच्या ॲपमधून चालू-बंद करता येणारा प्लग) बरेच जण तिथेच लावतात. जरूर लावा, पण 16 अँपिअरचाच घ्या. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर ओढतो. 10 अँपिअरचा प्लग रोज इतक्या काठावर चालवू नका, तो तापतो. प्लग वायफायला जोडताना फोन 2.4 गीगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. बहुतेक स्मार्ट प्लग 5 गीगाहर्ट्झ पकडतच नाहीत आणि नवखा माणूस इथेच अडकतो. राउटर हॉलमध्ये असेल तर बाथरूमपाशी रेंज येते का, तेही आधी बघा. ॲपमध्ये चालू व्हायच्या वेळेसोबत बंद व्हायची वेळही लावा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: भिंतीवरचं बटण बंद केलं, तर प्लगला वीजच मिळत नाही.