रोबो वाट सोडतो तेव्हा आधी चाकं मोजा

आरविझमध्ये, म्हणजे रोबोची जागा आणि वाट दाखवणाऱ्या स्क्रीनवर, गोल (पोचायचं ठिकाण) दिला, वाटेची रेघ छान आखली गेली, आणि रोबो मात्र तिच्यावरून नागमोडी वळवळत गेला किंवा कोपरा कापून दाराच्या चौकटीला धडकला. अशा वेळी नवशिक्याचा हात थेट नॅव्ह-2 च्या, म्हणजे वाट आखून रोबोला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पॅरामीटर फाइलकडे जातो. तो आवरा. दोष बहुतेकदा कंट्रोलरच्या (रोबोला रेघेवर ठेवणाऱ्या भागाच्या) खाली असतो: चाकात, एन्कोडरमध्ये (चाकाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरमध्ये), घड्याळात. खालचा आकडा चुकीचा ठेवून वरचे पॅरामीटर फिरवले की एका चुकीवर दुसरी चूक बसते. मग घरच्या हॉलमध्ये शहाण्यासारखा चालणारा रोबो प्रदर्शनाच्या दिवशी कॉलेजच्या गुळगुळीत फरशीवर रुसतो.

आधी एवढंच बघा: स्क्रीनवरचा रोबो रेघेवर आहे का? स्क्रीनवर तो रेघेवर आणि फरशीवर मात्र वीतभर बाजूला असेल, तर त्याला स्वतःची जागाच चुकीची कळते आहे. म्हणजे दोष ओडोमेट्रीत (चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेल्या जागेत) किंवा लोकलायझेशनमध्ये (नकाशावर स्वतःची जागा ओळखण्यात). स्क्रीनवरही तो रेघ सोडत असेल, तर मोटर, उशीर किंवा कंट्रोलर. ही विभागणी न करता केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात दगड.

ओडोमेट्रीची सुरुवात चाकाच्या एका फेरीपासून करा. 11 पल्सचा एन्कोडर, 30 पट गिअर आणि प्रत्येक पल्सला दोन्ही सिग्नलांच्या मिळून चारही कडा मोजल्या, तर चाकाच्या एका फेरीला 1320 टिक (मोजणीचे ठोके) येतात. 65 मिलिमीटरच्या चाकाचा परीघ 204.2 मिलिमीटर, म्हणजे एका टिकला साधारण 0.155 मिलिमीटर. हे झालं कागदावर. दुकानदारानं सांगितलेल्या गिअरवर विसंबू नका. चाकावर चिकटपट्टीची खूण करा आणि हातानं बरोबर 10 फेऱ्या द्या. 13,200 च्या आसपास टिक आले पाहिजेत. 3,300 आले तर कोड एकच कड मोजतो आहे. मग रोबो सरळ 3 मीटर चालवा. घरात 2 फुटी टाइल असतील तर 5 टाइल म्हणजे जवळपास 3 मीटर, पण सांध्यांची जाडी धरून टेपनं एकदा खात्री करा. प्रत्यक्ष अंतर आणि ओडोमेट्रीचं अंतर यात फरक निघाला, तर कोडमधली चाकाची त्रिज्या त्या प्रमाणात बदला.

त्यानंतर वळण. रोबो हातानं डावीकडे फिरवा. ओडोमेट्रीतला कोन वाढला पाहिजे. कमी झाला तर डावा-उजवा एन्कोडर उलटा जोडलाय, आणि मग कंट्रोलर जितकी सुधारणा करेल तितका रोबो भरकटेल. दिशा बरोबर असेल तर जागच्या जागी ओडोमेट्रीप्रमाणे 10 फेऱ्या मारायला लावा. प्रत्यक्षात पावणेदहाच झाल्या, तर कोडमधलं दोन चाकांमधलं अंतर कमी लिहिलं गेलंय: 20 सेंटिमीटरला 10 नं गुणा, 9.75 नं भागा, 20.5 येतात. हे अंतर पट्टीनं मोजून भागत नाही, कारण रुंद टायर नेमका कुठे टेकतो ते पट्टीला दिसत नाही.

शेवटची खात्री डोळ्यांनी होते. आरविझमध्ये फिक्स्ड फ्रेम (चित्र कशाच्या आधारे आखायचं ते) ‘ओडोम’ ठेवा, लेझर स्कॅनचा डिके टाइम (जुने ठिपके किती वेळ दिसत राहतील तो) 20 सेकंद करा आणि रोबो जागीच फिरवा. भिंतींच्या रेघा एकावर एक बसल्या पाहिजेत. त्या पंख्यासारख्या पसरल्या तर कंट्रोलरला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

याच चाचणीत दुसरा चोरही सापडतो, तो म्हणजे वेळ. रोबो सेकंदाला 1 रेडियन फिरतोय आणि स्कॅनचा टाइमस्टॅम्प (त्यावर नोंदलेली वेळ) 0.1 सेकंदानं चुकलाय, तर कोन 5.7 अंशांनी चुकतो. 3 मीटरवरची भिंत 30 सेंटिमीटर सरकलेली दिसते! लॅपटॉप आणि रोबोवरचा छोटा कॉम्प्युटर रास्पबेरी पाय दोन्ही वापरत असाल, तर दोघांची घड्याळं क्रोनी या प्रोग्रॅमनं जुळवा. आरविझ नेहमी लॅपटॉपवर चालवा. कंट्रोल लूप ठरलेला वेग गाठत नसल्याची सूचना येत राहिली, तर 20 हर्ट्‌झचा हट्ट सोडून 10 वर या.

मोटरचा दोष सर्वांत फसवा. मोटरला वीज पुरवणाऱ्या एल298एन ड्रायव्हरमध्ये सुमारे 2 व्होल्ट वाया जातात, त्यामुळे कमी पीडब्ल्यूएमला (वीज झपाट्यानं चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या सिग्नलला) मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. गोलजवळ कंट्रोलर बारीक बारीक वळणं मागतो, चाक हलत नाही, आणि 10 सेकंदांत अर्धा मीटर प्रगती झाली नाही म्हणून नॅव्ह-2 हात वर करतं. तीन सेलची लिथियम बॅटरी भरलेली असताना 12.6 व्होल्ट देते. ती उतरली की तोच पीडब्ल्यूएम कमी वेग देतो. म्हणून मायक्रोकंट्रोलरवर प्रत्येक चाकाला वेगाचा पीआयडी (मागितलेला आणि खरा वेग यातला फरक भरून काढणारा हिशेब) हवाच. आणि तो चाकं अधांतरी धरून नव्हे, रोबो जमिनीवर ठेवूनच ट्यून करायचा.

आता कुठे लुकअहेड. प्युअर पर्सूट पद्धतीत रोबो वाटेवरचा थोडा पुढचा बिंदू धरून वळतो. नाशिकच्या रविवार कारंजाच्या गर्दीत स्कूटर चालवताना नजर दोन हातांवर असते, मुंबई-आग्रा महामार्गावर लांब जाते, तसंच हे. नजर फार जवळ असेल तर रोबो वळवळतो, फार लांब असेल तर कोपरे कापतो. नॅव्ह-2 च्या रेग्युलेटेड प्युअर पर्सूटमध्ये हे अंतर मुळात 0.6 मीटर असतं. सेकंदाला 0.2 मीटर चालणाऱ्या छोट्या रोबोसाठी 0.35 पासून सुरू करा आणि एका वेळी 0.05 नं बदला. अंतर वाढवूनही वळवळ थांबत नसेल, तर पुन्हा उशीर आणि पीआयडीकडे वळा.

नाशिकमध्ये रोबो म्हटला की पुढचा विचार द्राक्षबागेतल्या फवारणीचा येतोच. तिथे वरचं गणित अपुरं पडतं. ओल्या काळ्या मातीत चाक घसरतं, टिक वाढत राहतात आणि रोबो जागचा हलत नाही. कोन जायरोवरून (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून) घ्या आणि एक्सटेंडेड काल्मन फिल्टरमध्ये, म्हणजे अनेक सेन्सरांचे आकडे एकत्र करणाऱ्या गणितात, चाकाच्या वेगाशी जुळवा. मॅग्नेटोमीटर (होकायंत्रासारखा सेन्सर) मात्र बंद ठेवा, कारण मोटर आणि मांडवाचं लोखंड त्याला भुलवतात. दोन ओळींमध्ये 9 फूट जागा असली तरी लिडारला (लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरला) ओळ सगळीकडे सारखीच दिसते, त्यामुळे रोबो ओळीच्या मध्यावर राहतो, पण आपण किती आत आलो हे विसरतो. ओळीच्या दोन्ही टोकांच्या खांबांवर वेगवेगळी एप्रिलटॅग (कॅमेऱ्यानं ओळखायच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) चिकटवली, की निदान वळायच्या जागी तरी त्याला आपली जागा पुन्हा सापडते.