इटलीत इटालियन शिकताना: तोंडी परीक्षेची तयारी

इटलीच्या विद्यापीठात इटालियन भाषा, इतिहास आणि संस्कृती शिकायची तर खरी कसोटी तोंडी परीक्षेत लागते. भाषेच्या बी-२ पातळीच्या प्रमाणपत्राने प्रवेशाचं काम भागतं, परीक्षेचं नाही.

तीन वर्षांच्या पदवीला १८० क्रेडिट लागतात आणि एका क्रेडिटमागे २५ तासांचा अभ्यास धरतात. ९ क्रेडिटच्या विषयाला २२५ तास झाले. त्यातला मोठा वाटा वर्गाबाहेरचा. सत्र सुरू होताच विषयाचा 'प्रोग्राम्मा', म्हणजे अभ्यासक्रम आणि पुस्तकांची यादी, काढा. तासांना नियमित बसणाऱ्यांची आणि न बसणाऱ्यांची पुस्तकांची यादी अनेकदा वेगळी असते, दुसरीत पुस्तकं बहुधा जास्त. आपली यादी कोणती हे न बघता अभ्यास केला, तर न वाचलेल्या पुस्तकावर प्रश्न येतो.

वाचताना पहिली ठेच लागते ती 'पासातो रेमोतो' या भूतकाळाची. क्लासमध्ये भर 'पासातो प्रोस्सिमो'वर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळावर. इतिहासाच्या पुस्तकात मात्र 'नाक्क्वे' (जन्मला), 'विस्से' (जगला), 'एब्बे' (त्याच्याकडे होतं) अशी 'रेमोतो'ची रूपं पानोपानी. नेहमीच्या अनियमित क्रियापदांची फक्त तृतीयपुरुषी रूपं आधी पाठ करा. अख्खा तक्ता घोकू नका, इतिहासात 'मी' आणि 'तू' क्वचितच भेटतात. शतकांचंही सांभाळा: 'त्रेचेंतो' म्हणजे १३०० नंतरची वर्षं, म्हणजे चौदावं शतक.

उत्तरं लिहून पाठ करण्यापेक्षा मोठ्याने बोलून बसवा. '१७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य जाहीर झालं' एवढ्यावर थांबलात की पुढचा प्रश्न ठरलेला: व्हेनिस तेव्हा कुणाकडे होतं? ऑस्ट्रियाकडे, ते १८६६ मध्ये आलं, रोम १८७० मध्ये. राजधानी तोरिनोहून (ट्युरिन) १८६५ मध्ये फिरेन्झेला (फ्लॉरेन्स) आणि १८७१ मध्ये रोमला गेली. प्रत्येक तारखेमागे असे दोन 'का' आणि एक 'मग काय' तयार ठेवा. फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. अडखळता तिथेच मुद्दा कच्चा आहे.

परीक्षेच्या तारखेला 'अप्पेल्लो' म्हणतात. ऑनलाइन नाव नोंदवायची मुदत काही दिवस आधीच संपते; ती चुकली की बहुतेक ठिकाणी पुढच्या तारखेची वाट बघावी लागते.

गुण ३० पैकी, उत्तीर्ण १८ ला. कमी वाटले तर बऱ्याच ठिकाणी ते नाकारून पुन्हा बसता येतं, पण हे तिथल्या तिथे विचारतात. पदवीचे अंतिम गुण ११० पैकी असतात आणि त्यांचा पाया या परीक्षांच्या गुणांची सरासरी असते, तेव्हा किती गुणांखाली नाकारायचं ते घरूनच ठरवून जा.