खेळाडूने प्रशिक्षक होण्याची तयारी कशी करावी

व्यावसायिक बास्केटबॉल खेळणाऱ्याला पुढे प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्याने ती तयारी खेळत असतानाच सुरू करावी, आणि त्यासाठी खेळाडूचे प्रशिक्षक झालेले स्टीव्ह कर यांची कारकीर्द बारकाईने पाहावी. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या १९८८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, ५०व्या क्रमांकावर निवडले गेलेले कर बहुतेक काळ राखीव खेळाडू होते. तरी त्यांनी शिकागो बुल्सकडून तीन आणि सॅन अँटोनियो स्पर्सकडून दोन विजेतेपदे मिळवली. राखीव खेळाडूला बाकावरून सामना पाहायला भरपूर वेळ मिळतो, आणि तो वेळ वाया घालवू नये. आपला प्रशिक्षक सराव कसा आखतो, टाइमआउटमध्ये किती मोजके बोलतो, नाराज खेळाडूला कसे हाताळतो, हे त्याच दिवशी वहीत उतरवावे.

एकाच गुरूची नक्कल मात्र करू नये. कर हे बुल्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच या दोघांच्या हाताखाली खेळले होते; २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाची प्रशिक्षक म्हणून सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी दोघांकडून हवे तेवढेच घेतले. आदल्या हंगामात हा संघ प्रतिसामना पासच्या संख्येत लीगमध्ये शेवटचा होता. स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसन यांच्यासारखे नेमबाज हाताशी असताना चेंडू एकाच्याच हातात अडकून राहतो, हा दोष त्यांनी आधी हेरला आणि पास वाढवण्यावर भर दिला. नव्या प्रशिक्षकानेही सगळे बदलण्याआधी असा एक दोष शोधावा. वॉरियर्स पहिल्याच वर्षी विजेते ठरले.

निवृत्तीनंतर थेट मुख्य प्रशिक्षक होण्याची घाई टाळावी, असे माझे मत आहे. एनबीए खेळाडू जेसन किड २०१३ मध्ये निवृत्त होताच ब्रुकलिन नेट्सचे प्रशिक्षक झाले आणि एका हंगामानंतर तेथून बाहेर पडले. पुढे लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे सहायक प्रशिक्षक म्हणून काम केल्यावर त्यांनी २०२४ मध्ये डॅलस मॅव्हेरिक्स संघाला अंतिम फेरीत नेले. करांनी मधली अकरा वर्षे दूरचित्रवाणीवरील समालोचनात आणि फिनिक्स सन्सच्या व्यवस्थापनात घालवली. (बोस्टन सेल्टिक्सचे बिल रसेल यांनी खेळता खेळताच प्रशिक्षकपद सांभाळून १९६८ आणि १९६९ची विजेतेपदे मिळवली, पण रसेल हा अपवादच.) भारतातल्या खेळाडूने या काळात पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम करावा आणि शालेय संघ हाती घ्यावा.

सहायक निवडताना आपल्यापेक्षा अनुभवी आणि प्रसंगी विरोध करणारी माणसे घ्यावीत. करांनी बचावासाठी रॉन ॲडम्स यांना आणि आक्रमणासाठी ॲल्विन जेंट्री यांना सोबत घेतले. त्याचबरोबर कनिष्ठांचेही ऐकावे. २०१५च्या अंतिम मालिकेत संघ २-१ने मागे असताना निक यूरेन या तरुण सहायकाने अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडाला यांना सुरुवातीपासून खेळवावे, असे सुचवले. करांनी ते मानले, वॉरियर्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि या कल्पनेचे श्रेय करांनी पत्रकारांसमोर यूरेन यांनाच दिले.