प्लेटलेट्स कमी आल्यात आणि डॉक्टर आयटीपी म्हणाले, तर आधी हे वाचा

मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या नडग्यांवर बारीक लाल ठिपके उठले, मोहरीपेक्षाही लहान, आम्हाला वाटलं डास चावले असतील. दुसऱ्या दिवशी ब्रश करताना फेस गुलाबी, सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची साधी टेस्ट, केला तर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त १४ हजार. पुण्यात ऑगस्टमध्ये प्लेटलेट्स कमी म्हटलं की पहिलं नाव डेंग्यूचंच येतं, पण तिला ना ताप ना अंगदुखी, टेस्टही निगेटिव्ह. शेवटी हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, सांगितलं, आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया.

असे ठिपके दिसले तर काचेचा ग्लास त्यावर दाबून बघा. साधं पुरळ बरेचदा फिकं पडतं, हे ठिपके लालच राहतात, कारण रक्त त्वचेखाली झिरपलेलं असतं. मग लगेच सीबीसी.

आता हा आजार नेमका काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच असतात. प्लेटलेट्स बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात बनतात, आठ-दहा दिवस जगतात. आयटीपीत आपलीच प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते, त्यांच्यावर अँटीबॉडी चिकटवते आणि मग प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, त्यांना गिळत सुटते, वर नवीन बनण्यातही अडथळा येतो. १९५० मध्ये अमेरिकेत डॉ. हॅरिंग्टन यांनी आयटीपीच्या पेशंटचं रक्त स्वतःला चढवून घेतलं आणि काही तासांत त्यांच्याच प्लेटलेट्स कोसळल्या, तेव्हा कळलं की मारेकरी रक्तातच फिरतोय. म्हणून प्लेटलेटची पिशवी लावली तरी त्यासुद्धा लवकर मारल्या जातात, ती शक्यतो मोठा रक्तस्राव किंवा ऑपरेशन असेल तेव्हाच देतात. आणि आमच्याकडे शेजारच्या काकू मायेनी पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, कोणी किवी आणले, पण त्यानी या अँटीबॉडी थांबत नाहीत हो, त्याच्या भरवशावर औषध लांबवू नका.

रिपोर्ट वाचताना, नॉर्मल दीड ते साडेचार लाख, एक लाखाच्या खाली असेल तर आयटीपीचा विचार करतात. पण कधी कधी ट्यूबमधल्या केमिकलनी प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात आणि मशीन आकडा कमी दाखवतं, त्यामुळे स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली, बघितलाय का हे नक्की विचारा. आयटीपी पक्का सांगणारी एकच अशी टेस्ट नाही, म्हणून एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, थायरॉइड वगैरे करून बाकीची कारणं बाजूला काढतात, घाबरू नका.

३० हजारांच्या वर आणि रक्तस्राव नाही, तर मोठ्या माणसांना बरेचदा नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. लहान मुलांमध्ये हे बऱ्याचदा व्हायरल होऊन गेल्यावर येतं आणि बहुतेकांचं सहा महिन्यांत आपोआप जातं, मोठ्यांचं मात्र रेंगाळतं.

औषधात पहिलं स्टेरॉइड. बहिणीची झोप उडाली, भूक इतकी की रात्री दोन वाजता पोळी-भाजी, चेहरा सुजला, शुगरवरही लक्ष ठेवावं लागलं, तरी स्वतःच्या मनानी गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात. त्यानी भागलं नाही तर एल्ट्रोम्बोपॅग, रोमिप्लोस्टिम, रिटुक्सिमॅब असे पर्याय आहेत, काहींची पाणथरी काढतात आणि त्याआधी लसी घ्याव्या लागतात. एल्ट्रोम्बोपॅग चालू असेल तर दूध, दही, कॅल्शियमची गोळी यांच्या २ तास आधी किंवा ४ तासांनी घ्यायची, नाहीतर औषध अंगी लागत नाही, आपल्या सकाळच्या चहाचंही दूध यात धरा.

डोकं दुखलं तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालते का विचारून घ्या. दंडावर इंजेक्शन किंवा दात काढायची वेळ आली तर आधी आयटीपी आहे हे सांगा.

आम्ही एक वही केली, तारीख, आकडा, गोळीचा डोस आणि शेजारी नवे डाग, हिरड्या, नाक, पाळी कशी ते. आकड्यापेक्षा ही शेजारची ओळ जास्त महत्त्वाची, डॉक्टरपण आधी तीच वाचतात. एकदम भयंकर डोकेदुखी, भोवळ, बोलणं अडखळणं, काळी शी, तोंडात रक्ताचे फोड, न थांबणारं रक्त, यातलं काहीही झालं तर वही घेऊन थेट इमर्जन्सीत जा, सकाळची वाट बघू नका.